ओ न देणारं यंत्र

साताऱ्याला आमच्या घरात कोणी हाक मारली की आधी ओ द्यायची आणि मग उठायचं, अशी पद्धत होती. उठायला थोडा उशीर झाला तरी चालायचं, ओ मात्र लगेच यायला हवी. वडील परसातून हाक मारत. ओ आली नाही तर दुसरी हाक पहिलीच्या दुप्पट आवाजात यायची आणि तिसऱ्या हाकेला शेजारचे काका त्यांच्या ओट्यावरून ओ देत. आमच्या भागात बहुतेक सगळीकडे हे असंच आहे. हाकेला ओ न देणारा माणूस एक तर बहिरा असतो, नाही तर रुसलेला.

सत्तरचं दशक संपता संपता मला सांगलीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात नोकरी लागली आणि ती नेमकी अशा यंत्राजवळ, जे ओ देतच नव्हतं.

यंत्र म्हणजे संगणक. दोन लोखंडी कपाटं शेजारी शेजारी उभी केली तर जेवढी जागा लागेल तेवढा. त्याला पडदा नव्हता. त्याच्याशी जे काही बोलायचं ते एका टेलिप्रिंटरवरून. तार ऑफिसात असायचा तसाच: खाली कळा, वर कागदाची गुंडाळी. आपण टाइप केलेलं कागदावर उमटायचं आणि यंत्राचं उत्तर त्याच्या खाली. आतली प्रणाली युनिक्सच्या वळणाची होती. आमचे विभागप्रमुख परदेशात शिकून येताना ती फितीवर घेऊन आले होते. त्यांना आम्ही सर म्हणायचो. माझं शिक्षण संख्याशास्त्राचं. संगणक मी त्याआधी फक्त छापील चित्रात पाहिला होता.

सरांनी एका दुपारी मला सगळे हुकूम शिकवले. बहुतेक दोन-दोन अक्षरांचे. एलएस म्हटलं की कप्प्यात कोणकोणत्या फायली आहेत त्यांची नावं आणि आकार छापून येत. कॅट म्हटलं की फाईल उघडून सगळी छापली जाई. सीपीने नक्कल व्हायची, एमव्हीने फाईल एका कप्प्यातून दुसऱ्यात जायची, आरएमने पुसली जायची. प्रत्येक काम संपलं की यंत्र नव्या ओळीवर टक्क्याची खूण छापून थांबायचं. म्हणजे पुढचा हुकूम द्या.

"आरएम जपून वापरा," सर म्हणाले. "ते विचारत नाही आणि पुसलेलं परत देत नाही."

"पण पुसली हे कळणार कसं?"

"काही बोललं नाही म्हणजे पुसली."

"आणि नक्कल झाली हे?"

"काही बोललं नाही म्हणजे झाली."

"पण समजा, त्याला ऐकूच गेलं नसेल तर?"

"तर बोलेल," सर म्हणाले.

हे पचनी पडायला मला वेळ लागला. मी माझ्यापुरता उपाय काढला. नक्कल केली की लगेच एलएस देऊन दोन्ही फायलींच्या आकाराचे आकडे जुळतात का ते बघायचं. आकडे जुळले की माझं समाधान व्हायचं. सर म्हणायचे, "तुम्ही यंत्रावर विश्वास ठेवत नाही." मी म्हणायचो, "ठेवतो, पण मोजून."

हवालदारांचं मात्र काही केल्या समाधान होत नसे.

हवालदार म्हणजे आमचे ऑपरेटर. आटपाडीकडचे, पलटणीत सिग्नलमध्ये टेलिप्रिंटर चालवून निवृत्त झालेले. टाइपिंग असं की कागदाची गुंडाळी थरथरायची. फौजेतली शिस्त त्यांच्या हाडात होती आणि त्या शिस्तीत संदेश गेला की पलीकडून पोहोच यायलाच हवी. पोहोच आली नाही तर संदेश पुन्हा पाठवायचा. त्यामुळे हवालदार प्रत्येक हुकूम दोनदा द्यायचे.

नक्कल दोनदा केली तर बिघडत नाही. पण फाईल एकदा दुसऱ्या कप्प्यात गेल्यावर तोच हुकूम पुन्हा दिला, की यंत्र म्हणायचं, अशी फाईल इथे नाही. मग हवालदार खुर्ची मागे सारून उभे राहायचे आणि मला सांगायचे, "साब, फाईल लापता."

"हवालदार, तुम्हीच आत्ता तिकडे पाठवलीत."

"पाठवली, पण त्यानं कुठं सांगितलं पोचली म्हणून? फौजेत असलं चालत न्हाई. हुकूम दिला की जी साब म्हणायचं. ह्याच्या अंगात लय मस्ती हाय."

हे रोजचं होतं आणि मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. तेवढ्यात माझं लग्न निघालं.

मुलगी फलटणजवळच्या गावातली, शिक्षण साताऱ्यात झालेलं. साताऱ्यालाच तिच्या मावशीकडे बघण्याचा कार्यक्रम झाला. माझ्या मामांनी सगळं जुळवून आणलं होतं. नेहमीचे प्रश्न झाल्यावर तिने मला उलट विचारलं, "तुमच्या त्या खोलीत थंड हवेचं यंत्र असतं म्हणे. स्वेटर घालून बसता का?" मी म्हटलं, "हो, तापमान बावीस अंश ठेवावं लागतं." ती म्हणाली, "सांगलीत बावीस अंश!" आणि हसली. घरी येताना मी मामांना सांगून टाकलं की मला ही मुलगी पसंत आहे आणि दुसरी बघायला मी येणार नाही. मला असं ठाम काही बोलताना मामांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं.

मुलीकडूनही होकार होता. अडलं ते तिच्या वडिलांपाशी. त्यांचा ऊस होता, साखर कारखान्याचे ते जुने सभासद होते आणि घरात दोन पिढ्या फौजेत होत्या. संगणक हा प्रकार त्यांना संशयास्पद वाटत होता. "तुमचं पोरगं तिथं काय करतंय ते डोळ्यांनी बघतो आन् मग सांगतो," असं त्यांनी मामांना कळवलं. म्हणजे माझं लग्न आता त्या यंत्रावर येऊन ठेपलं.

हवालदारांना मी हे सांगितलं. ते गंभीर झाले. "साब, मुआयना हाय म्हना की," ते फौजेतला तपासणीचा शब्द वापरून म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी टेलिप्रिंटरच्या कळा खोबरेल तेलाने पुसून ठेवल्या. त्या तीन दिवस चिकट होत्या.

पाहुणे, म्हणजे मुलीचे वडील, मामांबरोबर एसटीने आले. पांढरं धोतर, फेटा, हातात काठी. खोलीत धूळ जाऊ नये म्हणून चपला बाहेर काढाव्या लागत. पाहुण्यांनी देवळात शिरल्यासारख्या त्या काढल्या, आत आले, थंड हवा अंगावर आली तसे थबकले.

"लय गारठा हाय की," ते म्हणाले. "ह्ये यंत्राला लागतं का तुमाला?"

"यंत्राला."

"आन् तुमी?"

"मी स्वेटर घालतो."

त्यांनी मान हलवली आणि कपाटांभोवती एक चक्कर मारली. "ह्याच्या पोटात काय असतं?"

फायली म्हणजे काय हे सांगायला मी हळदीच्या पेवांचं उदाहरण दिलं. सांगलीला जमिनीखाली पेवांत हळद साठवतात, वरून काही दिसत नाही, पण आत कोणाची किती हे ठरलेलं असतं, तसं. हे त्यांना एकदम पटलं. मामांनी मला डोळ्यांनीच शाबासकी दिली. इथवर सगळं बरं चाललं होतं.

पाहुण्यांना कागदावरची टक्क्याची खूण दिसली. "उतारा दिसतोय," ते म्हणाले, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचा. "किती टक्के?"

"साखर उतारा नाही हो. ते पुढच्या हुकमाची वाट बघतंय, त्याची खूण आहे."

"मग आकडा कुठाय?"

"आकडा नसतो. नुसती खूण."

"आकड्याबिगर टक्के!" ते मामांकडे वळून म्हणाले. मामा खोकले.

मी यंत्राला तारीख-वेळ विचारली, कारण हा हुकूम ते नक्की बोलून पाळतं. टेलिप्रिंटर खडखडला. पाहुणे कागदावर वाकले, मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, मग पुन्हा कागदाकडे.

"आवं पाव्हणं, ह्ये साडेधा तास मागं हाय."

"हो. प्रणाली अमेरिकेत तयार झालीय. ती तिकडची वेळ दाखवते. तिकडच्या हिशेबाने बरोबर आहे."

"पर यंत्र सांगलीत हाय न्हवं?"

"सांगलीत आहे."

"मग त्याला सांगा की."

मी घाईघाईने उसाची फाईल काढली. शेतकी खात्याच्या एका प्रयोगाचे आकडे आमच्याकडे हिशेबासाठी आले होते, निरनिराळ्या जातींचा ऊस एकरी किती टन पडला याचे. पाहुण्यांसाठी मी ते मुद्दाम तयार ठेवले होते. कॅट म्हटल्यावर सगळी फाईल धडाधड छापून आली आणि पाहुणे खुर्चीवर बसले. खिशातून चष्मा काढून एकेक ओळ वाचू लागले.

"एकरी बावन्न टन? ह्ये कुणाच्या रानात?"

"एकाच्या नाही. सगळ्या वाफ्यांची सरासरी आहे ती."

"सरासरीच्या रानात ऊस लावून बघितला पायजे एकदा," ते म्हणाले, पण चेहरा खुलला होता. "बरं, आता ह्ये फलटणला न्या."

कप्प्यांची नावं मी त्यांना आधी सांगितली होती. सातारा, सांगली, फलटण असे कप्पे मीच त्या दिवसापुरते केले होते. मी एमव्ही दिला. यंत्राने टक्क्याची खूण छापली आणि गप्प बसलं.

आम्ही सगळे त्या खुणेकडे बघत होतो.

"काय म्हनलं?" पाहुण्यांनी विचारलं.

"काही नाही."

"म्हंजे ऐकलं न्हाई."

"ऐकलं. म्हणूनच काही म्हणालं नाही."

पाहुण्यांनी काठीवर हनुवटी टेकली. "पाव्हणं, आमच्यात गड्याला सांगितलं, बैल सोड, आन् तो गप उभा ऱ्हायला, तर त्याचा अर्थ काय हुतो?"

हवालदारांना राहवलं नाही. माझी लाज राखायची म्हणून ते पुढे झाले आणि सवयीप्रमाणे तोच हुकूम त्यांनी पुन्हा दिला. टेलिप्रिंटर लगेच खडखडला.

"बोललं!" पाहुणे म्हणाले. "काय म्हनतंय?"

मला खोटं सांगता येत नाही. त्यातही छापून आलेलं तर नाहीच. "म्हणतंय, अशी फाईल इथे नाही."

"आत्ता तर हुती!"

"ती फलटणला गेली."

"कवा?"

"मघाशी. गप्प बसलं होतं तेव्हा."

मी फलटणचा कप्पा उघडून दाखवला. एलएसमध्ये उसाची फाईल दिसली. आकडाही जुळत होता. पण पाहुण्यांचं लक्ष तिथे नव्हतं. "म्हंजे काम केलं की तोंड शिवून बसायचं, आन् वाकडं झालं की तेवढं सांगायचं," ते म्हणाले. "ह्येला वळण न्हाई."

मामांचा चेहरा उतरला. हवालदारांनी ते पाहिलं आणि एका दमात काहीतरी टाइप केलं. टेलिप्रिंटरने दिमाखात छापलं: जी साहेब. इंग्रजी अक्षरांत होतं, पण पाहुण्यांना वाचता आलं.

"हां! आता कसं!" पाहुणे खूश झाले. मामा खुर्चीवर सैलावले. "शिकवलं की शिकतंय म्हना की."

इथे मी गप्प राहायला हवं होतं, असं मामा आजही म्हणतात. पण पाहुणे मुलगी देण्यासाठी मला पारखायला आले होते आणि चुकीच्या गोष्टीवर पारखत होते. मी म्हटलं, "ते यंत्र स्वतःहून नाही म्हणालं. इको नावाचा हुकूम आहे. त्याच्यापुढे आपण जे लिहू तेच ते परत छापतं. हवालदारांनी लिहिलं, जी साहेब, म्हणून त्याने छापलं, जी साहेब."

"म्हंजे तुमीच तुमाला जी साहेब म्हनलात?"

"हवालदार म्हणाले."

"यंत्रानं न्हाई?"

"यंत्राने फक्त छापलं."

पाहुणे उठले. "चहा घेऊ," ते म्हणाले.

महाविद्यालयाच्या कॅन्टीनमध्ये चहा घेताना त्यांनी सरळ सांगितलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "तुमी खोटं बोलत न्हाई, त्ये मी बघितलं. नोकरीबी पक्की दिसती. पर दिसभर तुमी असल्या मुक्याबरोबर बसता. माणूस ज्याच्या संगतीत ऱ्हातो तसा हुतो. माझी पोरगी लय बोलकी. उद्या तिनं हाक मारली आन् तुमी गप बसून म्हनलात, गप बसलो म्हंजे काम झालं, तर तिनं काय करायचं? तिला हाकेला ओ देणारा माणूस पायजे."

मी यावर काय बोलावं याचा विचार करत होतो. विचार संपायच्या आत पाहुणे मामांना म्हणाले, "बघा. आत्ताबी गपच हायेत."

एसटी स्टँडवर त्यांना लोणंदची गाडी मिळाली. ती सुटल्यावर मामा माझ्याकडे वळले. "अरे गड्या, छापलेलं 'जी साहेब' होतं ना कागदावर? ते कोण म्हणालं याची चौकशी तुला कोणी सांगितली होती?"

"पण मामा, ते खरं नव्हतं."

"लग्न जुळवताना जातीचे दाखले सोडून काय खरं असतं रे?"

दोन-तीन आठवडे गेले. मी यंत्राजवळ बसायचो, हुकूम द्यायचो, टक्क्याची खूण यायची. हवालदार मला काही विचारत नसत, फक्त चहा दुसऱ्यांदा आणून देत. मला करमत नव्हतं. सांगलीत बावीस अंश, असं म्हणून हसणारी दुसरी मुलगी मला कुठे मिळणार होती? शेवटी मीच मामांना म्हटलं, आपण फलटणला जाऊ. नाही तर नाही, पण त्यांना एकदा नीट समजावून सांगतो.

"काय समजावणार?"

"की गप्प बसणं म्हणजे दुर्लक्ष नाही."

"हे तू बोलून समजावणार?" मामा म्हणाले, पण आले.

पाहुण्यांच्या घरी आम्हाला ओसरीवर बसवलं. घर भरलेलं होतं. मुलीचे दोन भाऊ, एक चुलतभाऊ, रजेवर आलेले फौजी काका, सगळे बसून गप्पा मारत होते. समोर अंगणात भुईमुगाच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. पाहुण्यांनी पाणी दिलं, उसाच्या तोडणीची चौकशी झाली, आणि मामांनी विषय काढायला घसा साफ केला तोच आतून मुलीचा आवाज आला.

"दादा, शेळी शेंगांत आलीय! हाकल की तिला!"

"व्हय व्हय," थोरला भाऊ म्हणाला आणि काकांना तोडणीच्या टोळीची गोष्ट सांगत राहिला.

"आवं काका, शेळी!"

"हां, बघतो," काका म्हणाले. बघितलंही, बसल्या जागेवरून.

"अरे, सगळ्या खाल्ल्या तिनं!"

"ओ! चाललो, चाललो," धाकटा आणि चुलतभाऊ एकदमच म्हणाले आणि दोघांनीही एकमेकांकडे बघितलं.

शेळी शेंगांच्या मध्यावर पोचली होती. माझ्या अंदाजाने ती एका घासाला मूठभर शेंगा खात होती आणि घास भराभर होत होते. मी उठलो, चप्पल न घालताच अंगणात उतरलो आणि शेळीला धरायला गेलो. मला शेळ्यांचा अनुभव नाही. ती उजवीकडे गेली, मीही उजवीकडे गेलो आणि मग दोघेही शेंगांतून गोल फिरलो. शेवटी तिचा कान माझ्या हाती लागला आणि मी तिला ओढत गोठ्याकडे नेऊ लागलो. यात काही बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून मी बोललो नाही.

दारात मुलगी येऊन उभी राहिली. हातात चहाचा ट्रे होता. तिने अंगणात बघितलं, मग ओसरीवर.

"आबा," ती वडिलांना म्हणाली, "तुमी म्हनला होता, ह्यांना ओ देता येत न्हाई."

"व्हय, मग?"

"आपल्या घरात सगळ्यांना येते की. सक्काळधरनं ओच ऐकतीय मी. त्यातलं उठलेलं एक तरी माणूस दाखवा मला."

काका हसले. थोरला भाऊ म्हणाला, "आता उठतच होतो ना गं."

"तू बस दादा. उठायची घाई नको."

पाहुण्यांनी माझ्याकडे बोट करून मामांना विचारलं, "ह्ये घरात बोलतात तरी का हो?"

"विचारलं की बोलतो," मामा म्हणाले. "आणि विचारलं नाही तरी खरं तेवढं बोलतो. तेच तर नडतं आम्हाला."

"बरं हाय की मग. पोरगी आमची दोघांचं बोलंल." ते आत वळून म्हणाले, "आरं, सुपारी आणा कुणीतरी."

आतून दोघा-तिघांनी एकदम ओ दिली. अडकित्ता सापडत नव्हता, तो कुठे आहे यावर घरात चर्चा सुरू झाली. शेळीने तेवढ्यात कान सोडवून घेतला आणि पुन्हा शेंगांकडे धाव घेतली. मुलगी दारातून ओरडली, "तिकडं! डावीकडं!" मी डावीकडे गेलो. ओसरीवर माझ्या लग्नाची सुपारी फुटली तेव्हा मी अंगणात होतो, पायांत शेंगांची टरफलं आणि हातात शेळीचा दुसरा कान.